सांबार आमटीसारखं का लागतं? तमिळ घरच्या सांबार-रसमचा नेमका क्रम

शेजारच्या तमिळ मामींनी सांगितलं तसंच सगळं घातलं, तरी सांबार आमटीसारखं लागतं आणि रसम म्हणजे टोमॅटोचं सार होतं, ही तक्रार मराठी घरांतून सतत ऐकू येते. सामान बहुतेकदा बरोबर असतं, क्रम चुकतो. आपली आमटी फोडणीपासून सुरू होते: फोडणीत मसाला, त्यावर डाळ, मग चिंच-गूळ आणि दोन उकळ्या. तमिळ घरात चिंचेचं पाणी आधी आणि बराच वेळ शिजतं, डाळ त्यानंतर येते आणि डाळ पडल्यावर फार उकळत नाहीत. हा एक फरक पाळला तरी निम्मं काम होतं.

इथली मापं चार माणसांच्या एका जेवणाची आहेत: साधारण एक लिटर सांबार आणि पाऊण लिटर रसम. छोटा चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा. सगळीकडे सपाट भरलेला.

टप्पा १: रेसिपी घेताना काय विचारायचं

पिढ्यान् पिढ्या स्वयंपाक केलेल्या बाईला माप विचारलं की उत्तर येतं, "लिंबाएवढी चिंच, थोडी पूड, अंदाजाने पाणी." ती काही लपवत नसते, तिचा हातच माप असतो. म्हणून नुसती रेसिपी ऐकून येऊ नका. ती करत असताना ओट्याशी उभे राहा आणि जमलं तर आपला वजनकाटा घेऊन जा. "मामी, टाकायच्या आधी एकदा काट्यावर ठेवू का?" असं विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. जुन्या तमिळ घरांत आळाक्कू नावाचं मापटं असतं. ते आपल्या वाटीशी जुळेलच असं नाही, म्हणून त्यात पाणी भरून ते मोजून घ्या.

एवढ्या गोष्टी विचाराच:

१. चिंच नवी की जुनी, आणि वजनाने किती?
२. पूड घरची की विकतची? घरची असेल तर तिच्यात डाळी आहेत का?
३. हे सांबार भाताबरोबरचं की इडलीबरोबरचं?
४. गूळ आणि खोबरं घालता का?

शेवटच्या प्रश्नावरून सांबार कुठलं ते कळतं. उडपीकडच्या सांबारात गूळ आणि खोबरं असतं, आणि मुंबईच्या उडपी हॉटेलांमुळे आपल्या जिभेवर तीच चव बसली आहे. केरळात बऱ्याच घरी खोबरं खमंग भाजून वाटतात. तमिळ घरात रोजच्या सांबारात गूळ नसतो किंवा बोटाच्या पेराएवढा असतो. दोन घरच्या रेसिप्या एकत्र करून पहिलाच प्रयोग केला की दोन्हीची चव हरवते. आधी एक रेसिपी जशीच्या तशी करा, बदल दुसऱ्यांदा.

टप्पा २: पुड्या

सांबार पूड: धणे २०० ग्रॅम, सुक्या मिरच्या १०० ग्रॅम, हरभरा डाळ ५० ग्रॅम, तूरडाळ ५० ग्रॅम, मिरे १ मोठा चमचा, मेथी २ छोटे चमचे, हळद २ छोटे चमचे. मिरच्यांत ७० ग्रॅम बेडगी आणि ३० ग्रॅम तिखट, म्हणजे गुंटूर किंवा लवंगी. सगळी बेडगी घेतली तर रंग येतो पण सांबार मवाळ होतं, आणि मग तिखटपणासाठी पूड वाढवत गेलं की धण्यांचा मारा होतो.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. डाळी मंद आचेवर तांबूस होईपर्यंत, धणे सुगंध सुटेपर्यंत, मिरच्या नुसत्या कडक होईपर्यंत. मेथी सगळ्यात शेवटी, आणि तिच्याकडे पाठ फिरवायची नाही. दाणा सोनेरी झाला की लगेच ताटात. हळद न भाजता दळताना घालायची. सगळं पूर्ण गार झाल्यावर दळा, नाहीतर वाफेने पुडीच्या गुठळ्या होतात.

रसम पूड: धणे ४ मोठे चमचे, तूरडाळ २ मोठे चमचे, मिरे दीड मोठा चमचा, जिरे दीड मोठा चमचा, मिरच्या ५ ते ६. जिरे भाजायचे नाहीत. बाकी सगळं भाजून गॅस बंद केल्यावर त्याच गरम कढईत परतायचे. ही पूड भरडच ठेवा. बारीक पुडीने रसम गढूळ आणि दाट होतं.

लक्ष ठेवा: सांबारात गोडा मसाला, गरम मसाला किंवा आलं-लसणाचं वाटण घालू नका. लवंग-दालचिनी आली की चिंच आणि हिंग दोन्ही मागे पडतात. विकतची पूड वापरत असाल तर पाकिटावर मीठ लिहिलंय का ते बघा. असेल तर स्वतःचं मीठ पाऊणपट करा.

टप्पा ३: चिंच

सांबाराला २० ग्रॅम, रसमला १० ग्रॅम. चिंचोके, शिरा आणि टरफलं काढूनच वजन करायचं. दोन वेगळ्या वाट्यांत गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा. मग कोळून गाळा, उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पिळा. सांबाराचा कोळ एकूण ४०० मिलिलिटर, रसमचा ५०० मिलिलिटर करून ठेवा. रसमचा कोळ फिकट चहासारखा दिसला तर बरोबर आहे.

जुनी चिंच काळपट असते, सांबाराला गडद रंग देते. नवी चिंच फिकी असते. रंग येत नाही म्हणून नवी चिंच वाढवत गेलात तर आंबटपणा हाताबाहेर जाईल.

परदेशातल्या वाचकांसाठी: बाटलीतला चिंचेचा काळा अर्क बराच तीव्र असतो. सांबाराला एक छोटा चमचा ४०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून सुरुवात करा, चव बघून वाढवा. कढीपत्ता ताजा मिळत नसेल तर गोठवलेला घ्या. वाळवलेल्या पानांत सुगंध राहिलेला नसतो.

लक्ष ठेवा: चिंच स्टीलच्या किंवा कल्हई केलेल्या भांड्यातच शिजवा. ॲल्युमिनिअमला आंबट खातं, आणि लोखंडी कढईत सांबार काळं पडून धातूची चव येते.

टप्पा ४: डाळ

१२० ग्रॅम तूरडाळ अर्धा तास भिजवून, तिप्पट पाणी, चिमूटभर हळद आणि चार थेंब तेल घालून कुकरमध्ये ५ शिट्ट्या. मीठ नाही, चिंच नाही, टोमॅटो नाही. आंबटात डाळ दडसर राहते, मग कितीही शिट्ट्या करा. भाज्या डाळीबरोबर कुकरला लावण्याची सवय इथे सोडायला हवी. शेंगांचा दोरा होतो आणि भोपळा विरघळून जातो.

डाळ गरम असतानाच घोटा. घोटलेल्या डाळीतले ३ मोठे चमचे बाजूला काढून २५० मिलिलिटर गरम पाण्यात कालवा. हे रसमचं डाळीचं पाणी. उरलेली सांबाराची.

तपासा: डाळ अंगठा आणि बोटात चोळून बघा. कण लागला तर पुन्हा दोन शिट्ट्या. कणीदार डाळ सांबारात तळाला बसते आणि वर नुसतं चिंचेचं पाणी तरंगतं.

टप्पा ५: सांबार जुळवणं

आधी भाजी. घरच्या सांबारात बहुधा एकच भाजी असते, फार तर दोन. हॉटेलसारखी पाच भाज्यांची मोट बांधली की कुठल्याच भाजीची चव सांबारात उतरत नाही. शेवग्याच्या शेंगा, लहान सांबार कांदे, लाल भोपळा, वांगं, मुळा, कोहळा यांपैकी २०० ग्रॅम घ्या. मुंबईत माटुंग्याच्या बाजारात लहान कांदे, कोवळा कढीपत्ता आणि तमिळ पद्धतीचं तिळाचं तेल एकाच फेरीत मिळतं. हे तेल कच्च्या तिळाचं असतं. चिनी स्वयंपाकातलं भाजक्या तिळाचं गडद तेल त्याऐवजी वापरू नका, त्याचा वास सगळ्यावर चढतो.

१. भाजी बुडेल इतक्याच पाण्यात थोडं मीठ आणि हळद घालून पाऊण शिजवा. शेंगांना १० मिनिटं, मुळ्याला ८, भोपळ्याला ६, वांग्याला ५. पूर्ण शिजवायची नाही, कारण पुढे ती चिंचेत आणखी शिजणार आहे. पण अगदी कच्चीही टाकायची नाही, आंबटात भाजी मऊ व्हायला फार वेळ घेते. भेंडी असेल तर आधी तेलात चिकटपणा जाईपर्यंत परता. लहान कांदे असतील तर दोन चमचे तिळाच्या तेलात गुलाबी करून घ्या. कांद्याच्या सांबाराला बऱ्याच घरी फोडणीही तेव्हाच देतात, तेही चालतं.

२. चिंचेचा कोळ, अडीच छोटे चमचे सांबार पूड, हिंग आणि उरलेलं मीठ घाला. एकूण मीठ साधारण दीड ते दोन छोटे चमचे. झाकण न ठेवता मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं उकळा.

या दहा मिनिटांवर सगळं अवलंबून आहे, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. सुरुवातीला भांड्यावर फिकट फेस येतो आणि नाकात कच्च्या चिंचेचा, ओल्या धण्यांचा वास भरतो. तमिळ घरात याला ‘पच्चै वासनै’ म्हणतात आणि ती गेल्याशिवाय डाळ घालत नाहीत. हळूहळू फेस विरतो, रस थोडा आटतो, कडेला तेलाचे बारीक ठिपके दिसू लागतात आणि वास गोल होतो.

तपासा: चमचाभर रस फुंकून चाखा. आंबटपणा जिभेवर जाणवला पाहिजे, घशात ओरखडा उठता कामा नये. उठला तर आणखी तीन-चार मिनिटं. डाळ पडल्यावर हा कच्चेपणा काढता येत नाही.

३. आता घोटलेली डाळ. ढवळून, लागेल तेवढं गरम पाणी घालून ३ ते ४ मिनिटं मंद उकळा. भाताबरोबरचं सांबार पळीच्या पाठीवर पातळ थर धरेल इतकं दाट ठेवा. इडली-डोशाबरोबरचं याहून पातळ असतं, आणि त्यात बऱ्याच घरी तुरीऐवजी किंवा तुरीबरोबर मूगडाळ घेतात.

४. फोडणी शेवटी. दोन छोटे चमचे तिळाच्या तेलात मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग पाव छोटा चमचा मेथी, एक सुकी मिरची, हिंग आणि शेवटी कढीपत्ता. फोडणी सांबारावर ओतून कोथिंबीर घाला, झाकून १० मिनिटं तसंच ठेवा. वाढायची घाई असली तरी ही दहा मिनिटं द्या. हिंग आणि कढीपत्ता या वेळातच सांबारात उतरतात.

हिंगाबद्दल थोडं. डबीतल्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, म्हणून तो पाव छोटा चमचा तरी लागतो. खडा हिंग असेल तर मुगाच्या दाण्याएवढा पुरे. तेलात फुलवून चुरा.

वाटलेलं सांबार करायचं असेल तर: दीड मोठा चमचा धणे, १ मोठा चमचा हरभरा डाळ, ४ मिरच्या आणि पाव छोटा चमचा मेथी थोड्या तेलात परता, ४ मोठे चमचे ओलं खोबरं घालून अर्धा मिनिट हलवा आणि पाण्याबरोबर गंधासारखं वाटा. मग वरची पूड एक छोटा चमचाच घ्यायची. वाटण डाळीबरोबर घाला आणि दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त उकळू नका, खोबरं फाटल्यासारखं दिसतं. सणावाराला मी हेच करते. साध्या पुडीचं सांबार याच्यापुढे फिकं वाटतं. मात्र हे त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात खोबऱ्याचं सांबार बाहेर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबूस होतं.

टप्पा ६: रसम

१. एक मोठा पिकलेला टोमॅटो हाताने कुस्करून चिंचेच्या ५०० मिलिलिटर पाण्यात घाला. मिक्सरला लावू नका, सार होतं. सव्वा छोटा चमचा मीठ, हळद, हिंग, कढीपत्त्याची पाच-सहा पानं आणि दीड छोटा चमचा रसम पूड. लसूण घालायचा असेल तर दोन पाकळ्या सालासकट ठेचून.

२. मंद आचेवर १० मिनिटं. चिंचेचा कच्चा वास जाण्याची खूण इथेही तीच.

३. डाळीचं पाणी ओता आणि आता भांड्यापासून हलू नका. आच मंदच ठेवा. दोन-तीन मिनिटांत कडेने पिवळसर फेस चढू लागतो. तो मध्यापर्यंत येऊन भांडं फेसाने भरलं, पहिला बुडबुडा फुटायच्या बेतात आला, की गॅस बंद.

लक्ष ठेवा: रसमला उकळी आणायची नाही. उकळलं की मिरे-जिऱ्यांचा सुगंध उडून जातो आणि उरतं ते आंबट-तिखट पाणी. मागे राहिलेलं रसम गरम करतानाही फेस येईपर्यंतच.

४. फोडणी तुपाची: मोहरी, जिरे, एक मिरची, कढीपत्ता. बारीक चिरलेली कोथिंबीर देठासकट. लगेच झाका.

काही तमिळ घरांत रसमसाठी कथिलाचा तांब्या असतो, त्याला ईयचोंबू म्हणतात. कथील साधारण २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हा तांब्या रिकामा गॅसवर ठेवला तर डोळ्यांदेखत बुडाला भोक पडतं. आधी पाणी भरायचं, मग मंद आच. विकत घेताना तो शुद्ध कथिलाचा असल्याची खात्री हवीच, कारण शिशाची भेसळ असेल तर आंबट पदार्थात शिसं उतरतं. खात्री नसेल तर स्टीलच्या पातेल्यात करा, चव चांगलीच येते.

टप्पा ७: बिघडलं तर

फार आंबट झालं: आणखी थोडी घोटलेली डाळ किंवा दोन चमचे खोबऱ्याचं वाटण. साखर घालू नका. फारच वाटलं तर सुपारीएवढा गूळ.

खारट झालं: मीठ न घातलेली डाळ किंवा वाफवलेली भाजी घालून वाढवा. कच्चा बटाटा टाकून मीठ शोषलं जाण्याची वाट बघू नका, त्याने फरक पडत नाही.

पातळ झालं: एक छोटा चमचा तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून घाला आणि दोन मिनिटं उकळा. गरम रसात कोरडं पीठ टाकलं तर गोळ्या होतात.

कडू झालं: मेथी जळली. फोडणीतली जळली असेल आणि फोडणी अजून ओतली नसेल, तर ती टाकून नवी करा. पुडीतली जळली असेल तर ती पूड कशातच वापरू नका.

दोन तासांनी घट्ट झालं: हे होणारच, डाळ पाणी ओढते. गरम पाणी आणि चिमूटभर मीठ घालून सारखं करा, गार पाणी नको.

वाढताना तमिळ घरचा क्रम असा असतो: आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी दही-भात. रसम-भातासाठी भात थोडा मऊ हवा आणि रसम भातावर सढळ हाताने. सांबार-भातावर चमचाभर तूप किंवा तिळाचं तेल.

टप्पा ८: रेसिपी पुढे देताना

तुमचं सांबार जमलं की मैत्रीण, नणंद, वहिनी कुणीतरी विचारणारच. तेव्हा ‘अंदाजाने’ म्हणून सोडू नका. जमलेल्या दिवशीच, भांडी घासायला टाकायच्या आधी वहीत लिहा. चिठ्ठी अशी असावी:

डाळ किती ग्रॅम, आणि घोटल्यावर साधारण किती वाट्या झाली.
चिंच किती ग्रॅम, नवी की जुनी, कोळ किती मिलिलिटर.
पूड कुणाच्या हातची किंवा कुठली, किती सपाट चमचे, तिच्यात मीठ आहे का.
भाजी कुठली, चिंचेआधी किती मिनिटं शिजवली.
चिंच किती मिनिटं उकळली, आणि किती रुंद भांड्यात. पसरट भांड्यात रस लवकर आटतो, म्हणून हे लिहायलाच हवं.
डाळ घातल्यावर किती मिनिटं.
फोडणीचं तेल कुठलं.
मूळ रेसिपी कुणाच्या घरची, आणि तुम्ही त्यात काय बदललं.

बदल वेगळ्या ओळीत लिहा. तुम्ही गूळ वाढवला असेल तर पुढच्या व्यक्तीला ते कळलं पाहिजे. नाहीतर तिला वाटेल की मामींच्याच सांबारात एवढा गूळ असतो.